वास्तूची उत्तरपूजा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण मृत्तिकेच्या मूर्तीत श्रीगजाननाचे आवाहन करतो, प्राणप्रतिष्ठा करतो, आणि आपापल्या कुलाचाराप्रमाणे दीड, पाच, सात वा दहा दिवसांचा पाहुणचार झाल्यावर त्याला निरोप देतो. परंतु निरोपापूर्वी एक विधी करावाच लागतो. तो म्हणजे उत्तरपूजा. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य व आरती झाल्यावर अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हालवायची, आणि मगच ती उचलायची. विसर्जनानंतरही रिकामा पाट घेऊन कोणी घरी परतत नाही. काठावरची मूठभर वाळू त्या पाटावर ठेवली जाते आणि ती घरी येते. मूर्ती मातीची होती व ती मातीस मिळणार, हे घरातल्या लहान मुलासही ठाऊक असते. तरीही जिच्यात काही काळ देव नांदला, तिला नुसती टाकून देऊ नये, ही पूर्वजांची दृष्टी या विधीमागे आहे.

ही दृष्टी आपण देवाच्या मूर्तीपुरती जपली, माणसाच्या घरास मात्र ती लावली नाही. नव्या घरासाठी आपल्यापाशी सर्व काही आहे. भूमिपूजन आहे, द्वारपूजन आहे, वास्तुशांत आहे, गृहप्रवेश आहे. पडणाऱ्या घरासाठी काय आहे? ज्या खोलीत तीन पिढ्या जन्मल्या, जेथे मुंजीचे व हळदीचे मांडव पडले, जेथून तिरड्या निघाल्या, ती खोली पाडण्याच्या दिवशी आपण सामान टेम्पोत भरतो, कुलूप काढून किल्ली परत करतो आणि निघतो. संस्कृतात वस् म्हणजे राहणे. त्याच धातूपासून वास्तु आणि वसति हे शब्द झाले, आणि आपल्या मराठीतील वस्ती हा शब्दही त्याच घराण्यातला. वास्तू म्हणजे केवळ विटा नव्हेत, तीत कोणीतरी राहिलेले असणे म्हणजे वास्तू. मग त्या राहण्याची उत्तरपूजा कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न यंदाच्या गणेशोत्सवात भाविक वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

मुंबईच्या चाळींचा हा विषय तळेगावकरांस दूरचा वाटू नये. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, १८६३ साली बोरघाट उतरून तो मुंबईच्या मार्गास जोडला गेला, आणि मावळचा माणूस सकाळी घरातून निघून सायंकाळी मुंबईत उतरू लागला. भाताचे एक पीक घरात आले की उरलेल्या महिन्यांचा प्रश्न उभा राही. मग कोणी कापडगिरणीत, कोणी गोदीत, तर कोणी जेवणाचे डबे पोचविण्याच्या कामात शिरे. १८९० साली सुरू झालेल्या त्या डब्यांच्या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील वारकरी घराण्यांतील माणसे आजही आहेत. तळेगावात ज्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते त्या गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ आठवावा. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेला तो वृद्ध आपण वाचला व डोळे पुसले. परंतु बुधा ज्या मुंबईतून परतला, त्या मुंबईतील मावळच्या खोल्यांचे चित्र आपल्यापैकी किती घरांत जपलेले आहे?

त्या खोल्या कशा होत्या, हे नव्या पिढीस सांगावयास हवे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या परिसरात गिरणगाव वसले. कोकण, सातारा, कोल्हापूर व पुण्याच्या घाटमाथ्यावरून माणसे येत गेली. गावोगावच्या मंडळांनी ‘गावाची खोली’ धरली. एका खोलीत एका गावची पंधरावीस माणसे पाळीपाळीने निजत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी आणि कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर. गावी यात्रा भरली की त्या खोलीतून वर्गणी जाई, आणि गावात मंदिराचा सभामंडप उभा राहिला की त्याच्या फरशीवर ‘मुंबईकर ग्रामस्थ मंडळ’ अशी अक्षरे कोरली जात. आपल्या परिसरातील कित्येक मंदिरांत ती आजही वाचता येतील.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या वेळी सरकारी पथके घरे तपासत हिंडली, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तीन इंग्रजी आद्याक्षरांची खूण करून गेली. त्यातून १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला व त्याने बी.आय.टी. चाळी बांधल्या. पुढे १९२० साली सरकारचे विकास खाते निघाले. त्याच्या इंग्रजी नावावरून ओळखल्या जाणाऱ्या बी.डी.डी. चाळी त्या दशकात उभ्या राहिल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ व शिवडीस १२, अशा एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मध्ये लांबच लांब बोळ, आणि शौचालये व नळ सामाईक. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या याच चाळींपैकी काहींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला होता. ज्या भिंतींआड सत्याग्रही डांबले गेले, त्याच भिंतींआड पुढे पाळणे हलले.

आणि या चाळींनीच आपला उत्सव मोठा केला. मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली झाला तो गिरगावातील केशवजी नाईक चाळीत, आणि १९०१ साली लोकमान्यांनी तेथे भेट दिली. चिंचपोकळीचा उत्सव १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा १९२८ पासूनचा. लालबागच्या राजाची कथा तर आमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. १९३२ साली पेरू चाळ येथील बाजार बंद झाला व कोळी आणि लहान व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी श्रीगणेशास नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ साली तेथे मूर्ती बसली. आज लाखो भाविक ज्याच्या चरणी माथा टेकवतात, तो देव पोट भरण्याच्या जागेसाठी केलेल्या नवसातून आला, याचे स्मरण रांगेत उभ्या असलेल्या किती जणांस असते?

आम्ही तरुण असताना गुरुजींच्या मागे झांज घेऊन या चाळींतील कीर्तनांस उभे राहिलो आहोत. तो १९८० च्या आसपासचा काळ. व्यासपीठ पटांगणात असे, आणि श्रोते मात्र खाली व वर बसलेले. खाली सतरंजीवर वृद्ध, वर गॅलऱ्यांतून बायका, जिन्याच्या पायऱ्यांवर मुले. पूर्वरंग संपून नामाचा गजर होई व बुक्का लावला जाई, तेवढ्यात काही माणसे हळूच उठत. त्यांची मध्यरात्रीची पाळी असे. बुक्का कपाळी लावून ती माणसे गिरणीकडे जात, आणि दुपारची पाळी संपवून आलेली माणसे हातपाय धुऊन त्यांच्याच जागी येऊन बसत. आख्यानाचा पहिला भाग एकाने ऐकावा व उत्तररंग दुसऱ्याने, असे ते कीर्तन. पुढे दोघे भेटले की एकमेकांस उरलेली कथा सांगत. श्रवणभक्ती अशीही असू शकते, हे आम्ही तेथे पाहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांपैकी असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकांसाठी. २००१ साली नियम बदलला, आणि हे वाटे संपूर्ण जमिनीचे न राहता केवळ रिकाम्या जागेचे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व २००६ साली तो बदल कायम राहिला. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, चार मजल्यांच्या जागी ४० मजले, आणि घरात स्वतःचे स्नानगृह व शौचालय.

याचा आनंद मानावा. तो मानू नये असे म्हणणारा मनुष्य कधी पहाटे चार वाजता डबा हाती घेऊन रांगेत उभा राहिलेला नसतो. म्हाताऱ्या आईस रात्री बोळाच्या टोकापर्यंत हात धरून न्यावे लागणे, नव्या सुनेने पडद्याआड संसार करणे, दहावीच्या मुलाने जिन्यातील दिव्याखाली अभ्यास करणे, यांत काव्य शोधणे हे दुरून पाहणाऱ्याचे सुख आहे. जुनी चाळ राहावी असे आम्ही म्हणत नाही. मूर्तीचे विसर्जन थांबवा असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच की, उत्तरपूजा राहून जाऊ नये.

ती कशी करावी हे भवभूतीने दाखविले आहे. आठव्या शतकातील या महाकवीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राज्याभिषेक झाला आहे, जनकराजा परत गेल्याने सीतामाई उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण चित्रकाराकडून काढविलेली चित्रमालिका दाखवावयास घेऊन जातो. तीत त्यांच्या आयुष्यातील प्रसंग आहेत: विवाह, वनवास, पंचवटी, जनस्थान. राजवाड्यात राहणारी माणसे आपल्या पर्णकुटीचे चित्र पाहत आहेत! आणि केवळ पाहत नाहीत, तर बोलत आहेत. शूर्पणखेचे चित्र येते तेव्हा सीता घाबरते, आणि हे चित्र आहे असे रामाला सांगावे लागते. जनस्थानाच्या चित्रापाशी रामाच्याच डोळ्यांतून पाणी येते. चित्र मुके असते. जे तेथे राहिले त्यांनी त्याच्याशेजारी उभे राहून बोलावे, तेव्हा ते बोलू लागते.

याच प्रसंगात भवभूतीने एक अतिशय सूक्ष्म जागा ठेवली आहे. विवाहाच्या चित्रात चारही वधू आहेत. लक्ष्मण सीता, मांडवी व श्रुतकीर्ती दाखवितो, आणि स्वतःच्या पत्नीचे नाव संकोचाने वगळून पुढे सरकतो. तेव्हा सीता बोट ठेवून विचारते की, ही आणखी एक कोण? चित्रात ऊर्मिला आहे, पण सांगणाऱ्याने तिला ओलांडले. विचारणारी सीता नसती, तर ऊर्मिला चित्रात असूनही अदृश्य राहिली असती. जुनी छायाचित्रे पाहताना हा प्रश्न प्रत्येकाने मनात धरावा.

पुढे बारा वर्षांनी राम पुन्हा त्याच वनात येतो. जेथे प्रवाह होता तेथे आता वाळवंट आहे, जेथे दाट झाडी होती तेथे विरळ व विरळ होती तेथे दाट. आपण त्याच ठिकाणी आलो आहोत की नाही, अशी त्याला शंका येते. मग पर्वत मात्र जागच्या जागी दिसतात, आणि त्यांच्या आधाराने त्याला खूण पटते. रामाला पर्वतांचा आधार होता. गिरणगावात धुराडे हाच पर्वत होता, आणि तोही पडला. जेथे भोंगा वाजे तेथे आता काचेची दुकाने व कार्यालये आहेत. आजोबा नातवास घेऊन तेथे गेले तर खूण पटविण्यासाठी बोट कशाकडे दाखवावयाचे? म्हणून आम्ही म्हणतो की, ज्या नगरातून पर्वतच नाहीसे होतात, तेथे छायाचित्र व त्यासोबत सांगितलेली आठवण यांनाच पर्वत व्हावे लागते.

छायाचित्रे पूर्वीही निघाली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६८ ते १८७१ या काळात तेथील सुधार न्यासाने टॉमस अ‍ॅनन नावाच्या छायाचित्रकारास पाडावयाच्या गरीब वस्तीची चित्रे घेण्यास नेमले होते. मुंबईच्या सुधार न्यासाच्या रचनेवर त्याच ग्लासगोच्या नमुन्याची छाप होती. पॅरिसमध्येही त्याच सुमारास शार्ल मार्व्हिल याने पडणाऱ्या गल्ल्यांची छायाचित्रे घेतली. अ‍ॅननची चित्रे आज जगभर वाखाणली जातात. त्या काळी चित्र उमटण्यास वेळ लागे, म्हणून जो स्थिर उभा राहिला नाही त्याची आकृती पुसट झाली. गल्लीच्या तोंडाशी काही माणसे अशी धुक्यासारखी दिसतात. त्यांची नावे त्या चित्रांखाली नाहीत. सरकारला गल्ली हवी होती, माणूस नको होता.

आपल्याकडे याहून चांगले काम झाले आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. नीरा आडारकर व मीना मेनन या दोघींनी गिरणगावातील कामगार, त्यांच्या घरच्या स्त्रिया, कार्यकर्ते व कलावंत यांच्या सुमारे शंभर मुलाखती घेऊन २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. आडारकरांनी पुढे २०११ साली चाळींवरील लेखांचा एक संग्रह संपादित केला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन छायाचित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘पुकार’ या मुंबईच्या संस्थेने तरुण मुलामुलींना आपल्याच वस्तीचा अभ्यास करावयास शिकविले. बाहेरच्याने येऊन चित्र काढून न्यावे, याऐवजी राहणाऱ्याने आपले घर स्वतः पाहावे, ही त्यातील मोठी गोष्ट. लक्ष्मणाने चित्रे आणवली खरी, पण त्यांचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार सीतेचा होता.

सीतेचा प्रश्न येथे पुन्हा विचारू या. चाळीच्या उत्सवाचे जुने समूहचित्र घ्या. पुढे खुर्च्यांवर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मागे कार्यकर्ते, आणि सगळी नावे खाली छापलेली. नैवेद्याचे मोदक कोणी वळले? गिरणीत एकट्याने राहणाऱ्या शेकडो पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची नावे कोठे आहेत? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या बायकांची संघटना उभी केली, म्हणून त्यांच्या श्रमाची नोंद तरी झाली. बाकीच्या ऊर्मिला अजून चित्राच्या कडेला, दाराच्या चौकटीत, अर्ध्या दिसत उभ्या आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती कीर्तनकाराने सांगितली नाही तर कोणी सांगावयाची? स्मरण म्हणजे केवळ गोड आठवणींचा प्रसाद नव्हे. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ दोन लहान खोल्यांत राहिले. बी.डी.डी. चाळींतून दलित व बौद्ध कुटुंबांच्या मोठ्या वस्त्या होत्या, आणि १९७४ साली वरळीने दंगलही पाहिली. कोणता नळ कोणाचा, कोणाच्या घरचे पाणी चालते व कोणाच्या घरचे चालत नाही, हेही त्या बोळांनी पाहिले आहे. संतांच्या नावाने टाळ वाजविणाऱ्या आपण हे झाकून ठेवले, तर ती पूजा नव्हे, रंगसफेती ठरेल. उत्तरपूजेच्या शेवटी न्यूनातिरिक्ताची क्षमा मागावयाची असते. ती मागण्यासाठी न्यून काय होते हे आधी आठवावे लागते.

आता आपल्या तळेगावाकडे येऊ. या गावाने कष्टकऱ्यांचा इतिहास मुंबईच्या बरोबरीने पाहिला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्यांचे पाठबळ त्याला लाभले, आणि १९०८ साली तळेगावात त्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या तज्ज्ञाच्या हाताखाली तेथे शिकलेली मुले देशभर काच करावयास गेली. भट्टीपुढे उभे राहून नळीने काच फुंकणारी ती माणसे गावात कोणत्या आळीत, कोणाच्या माडीवर, किती भाड्याने राहत? संस्थापकांची नावे आपणांस पाठ आहेत, फुंकणाऱ्यांची नाहीत.

कारखान्यांचे आयुष्यही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. गिरण्या शंभर वर्षे चालल्या. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला व डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाई कंपनीने घेतला. मध्यंतरीची ती बारा वर्षे, म्हणजे रामाने पंचवटी पुन्हा पाहण्यापूर्वी जेवढी गेली तेवढीच. त्या काळात अशा कारखान्यांच्या आधाराने परगावची मुले येथे आली, चौघांत एक खोली घेऊन राहिली, भेळेच्या गाडीवर व मेसमध्ये ओळखीची झाली, गणपतीत ढोल वाजवून गेली. आणि मग काही निघून गेली. ज्यांनी खोल्या दिल्या त्या आजींना त्यांची नावे अजून आठवत असतील. त्या खोल्यांच्या व जुन्या वाड्यांच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. गिरणगावात जे शंभर वर्षांनी झाले, ते आपल्याकडे एका तपात होत आहे. म्हणून आपणांस घाई करावयास हवी.

आपले ग्रामदैवत श्रीडोळसनाथ. ज्या गावाचा देवच डोळस, त्या गावाने डोळे मिटून घरे पाडू नयेत. गो. नी. दांडेकरांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन सह्याद्रीचे दुर्ग पायी तुडविले, आणि त्यांची ती दुर्गचित्रे पुढे ग्रंथरूपाने आली. दुर्गांना त्यांच्यासारखा डोळा मिळाला. कामगाराच्या खोलीला तो मिळू नये काय? आज तर प्रत्येक खिशात कॅमेरा आहे.

तेव्हा या उत्सवात मंडळांनी व घराघरांनी एक संकल्प करावा. जी इमारत, वाडा वा चाळ पाडावयाची ठरली आहे, तिची छायाचित्रे आजच घ्यावीत. दर्शनी भाग सर्वच घेतात. घ्यावयाची ती उंबऱ्याची, जिन्याच्या झिजलेल्या कठड्याची, सामाईक नळाची, देव्हाऱ्याच्या कोनाड्याची, दाराच्या बाहीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीने केलेल्या खुणांची. प्रत्येक चित्रास दिनांक, ठिकाण, खोलीचा क्रमांक व सांगणाऱ्याचे नाव जोडावे. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्यास आधी विचारावे, आणि तो नको म्हणाला तर आग्रह धरू नये. जुने कागदी फोटो असतील तर मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. शाईचे पेन वापरू नये, कारण ती शाई पुढच्या बाजूस उमटते. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पिवळे पडतात, ते काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत. फोनमधील चित्रांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी, आणि एक प्रत ग्रंथालयात वा शाळेत द्यावी. वृद्धांसमोर एकेक चित्र धरून त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. मध्ये टोकू नये, चुका दुरुस्त करू नयेत. एवढे मात्र विचारावे की, ही आणखी एक कोण?

एक सावधगिरीही भवभूतीनेच सांगितली आहे. चित्रे पाहता पाहता सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटले, आणि त्याच इच्छेच्या निमित्ताने दैवाने तिला वनात पाठविले. चित्र पाहून हळहळणे सोपे असते. स्मरण म्हणजे परत जाणे नव्हे, आणि ज्यांनी हाल सोसले त्यांना हालांकडे परत धाडणे तर नव्हेच. स्मरण म्हणजे नव्या घरात पाऊल टाकताना, हे घर कोणाच्या श्रमावर व कोणाच्या वाट पाहण्यावर उभे राहिले, हे ओळखून टाकलेले पाऊल.

नव्या इमारतींच्या तळमजल्यावर यंदा अनेक ठिकाणी प्रथमच गणपती बसेल. चाळीसाव्या मजल्यावरचा तिसाव्या मजल्यावरच्यास ओळखत नसेल. अशा ठिकाणी विसर्जनाच्या आदल्या रात्री, आरती झाल्यावर, मखराच्या शेजारी एक पांढरा पडदा लावावा, आणि जुन्या घरांची चित्रे दाखवावीत. माइक कोणा पुढाऱ्याच्या हाती न देता जी आजी त्या खोलीत सर्वांत अधिक वर्षे राहिली तिच्या हाती द्यावा. ती बोलू लागली की मुले आपोआप जवळ सरकतील. मग दुसऱ्या दिवशी बाप्पाची उत्तरपूजा करून त्याला खुशाल निरोप द्यावा. पाटावर वाळू येईलच, आणि वास्तूची वाळू आदल्या रात्रीच सर्वांच्या घरी पोचलेली असेल.